एक कॉइल की सगळ्या

भिलाईत 'प्लांट' म्हटलं की एकच, सरकारी पोलादाचा. बाकीच्यांना आपण कुठे कामाला होतो हे पूर्ण वाक्यात सांगावं लागतं. धनंजय वैरागडे यांनी ते वाक्य आयुष्यभर सांगितलं : औद्योगिक वसाहतीत एक छोटी रोलिंग मिल होती, तिथे ते मेंटेनन्सचे मॅनेजर होते, आणि ती मिल आता नाही. मुलीच्या सोयरिकीच्या बैठकीत ते शेवटचा भाग गाळत.

निवृत्तीनंतर त्यांना व्हॉल्व्हच्या अ‍ॅम्प्लिफायरचा नाद लागला. लोक घरोघरी व्हॉल्व्हचा रेडिओ ऐकत होते तेव्हा वैरागडे ट्रान्झिस्टरची वाट पाहत होते. आता सगळं फोनवर वाजू लागल्यावर ते व्हॉल्व्ह शोधत होते. जुनवानीतल्या घरातली मुलीची खोली तिच्या लग्नानंतर या कामी आली. तिथे अ‍ॅल्युमिनियमच्या चासी म्हणजे सांगाडे, कॅपॅसिटर, खोक्यांत कापसात ठेवलेले काचेचे व्हॉल्व्ह आणि इंटरनेटवरून छापून आणलेले सर्किटचे नकाशे होते. गाणी ऐकायला फारसा वेळ मिळत नसे.

व्हॉल्व्ह मिळत होते, ट्रान्सफॉर्मर मिळत नव्हता. स्पीकर आठ ओहमचा आणि वैरागड्यांच्या व्हॉल्व्हला पलीकडे पाच हजार ओहमचा लोड हवा. दोघांना थेट जोडलं तर आवाज नावालाच येतो. म्हणून मध्ये ट्रान्सफॉर्मर. त्याच्या एका अंगाला बारीक तारेचे वेढे पुष्कळ, दुसऱ्या अंगाला जाड तारेचे थोडे. आठ ओहमचा स्पीकर व्हॉल्व्हला पाच हजारांचा भासावा, एवढंच त्याचं काम. सोयरीक जमवणारा मध्यस्थही हेच करतो, फक्त त्याला वेढे मोजावे लागत नाहीत.

दुर्गच्या दुकानांत वैरागड्यांना एकच उत्तर मिळालं, "ये माल अब कोई नहीं बनाता." शेवटी एका पंखेवाल्याने एक फोन नंबर दिला. वैरागड्यांनी लावला.

"हां जी, भय्याजी रामटेके बोलून राहिलो."

वैरागड्यांनी हातातली नंबराची चिठ्ठी पुन्हा एकदा पाहिली. मग म्हणाले, "भय्याजी, ओळखलं का? मी वैरागडे."

"आवाजावरूनच ओळखलं जी."

ही दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. तेव्हापासून दर रविवारी सकाळी नऊ वाजता भय्याजींची मुलगी रीना त्यांना स्कूटरवरून वैरागड्यांच्या फाटकाशी सोडते आणि अकराला न्यायला येते. ती दुर्ग स्टेशनवर तिकीट-बुकिंगला आहे. तिला हे येणं-जाणं पसंत नाही.

"बाबा, ज्या माणसानं तुमच्या नावावर रिपोर्ट लिहिला, त्याच्या घरी तुमी फुकट में वाइंडिंग करून राहिले. मुझे तो समझ ही नहीं आता."

"चाय देते ना," भय्याजी म्हणत.

चहासाठी ते जात नव्हते. त्यांना वैरागड्यांना एक प्रश्न विचारायचा होता.

भय्याजी त्या मिलचे वाइंडर, मोटरींमध्ये तांब्याच्या तारेच्या कॉइल बांधणारे. २००३ च्या मे महिन्यात त्यांनी तापलेली सळी पहिल्यांदा दाबणाऱ्या रफिंग स्टँडची मोटर नव्याने बांधून दिली. चौथ्या दिवशी ती जळाली. स्टँड थांबला, लालभडक सळी आत अडकली, आणि मागून येणारी दुसरी सळी वर उसळून बाजूला फेकली गेली. तिथे चिमटा धरून सुमेध गजभिये उभा होता. सव्वीस वर्षांचा, कॅम्प-१ या वस्तीत भय्याजींच्याच गल्लीत राहणारा, त्यांना काका म्हणणारा. त्याचा उजवा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. रिपोर्टमध्ये कारण लिहिलं गेलं, वाइंडिंग फेल्युअर. खाली सही वैरागड्यांची.

वाइंडरला जळलेली मोटर उघडून दाखवली की तो डॉक्टरसारखा निदान सांगतो. एकच कॉइल काळी पडली असेल आणि बाकीच्या लाल-तांबूस असतील, तर दोष बांधणाऱ्याचा : कुठेतरी तार खरचटली, कुठेतरी कागद कमी पडला. सगळ्या कॉइल चहूकडून सारख्या काळ्या असतील, तर बांधणी ठीक होती, मोटरवर तिच्या ताकदीबाहेरचा लोड पडला. भय्याजी दुसऱ्या दिवशी ती मोटर पाहायला गेले तेव्हा ती भंगारवाल्याच्या ट्रकमधून निघून गेली होती. एवढ्या तातडीने त्या मिलमधून पूर्वी काहीच गेलं नव्हतं, तयार मालसुद्धा नाही.

उघडलेली मोटर पाहिली होती फक्त वैरागड्यांनी.

भय्याजींना दोन महिने स्टोअरमध्ये हातमोजे वाटायला बसवलं. मग त्यांनी नोकरी सोडली आणि कॅम्प-१ ही सोडलं. जुनवानीच्या कडेला दोन खोल्या घेतल्या, घरी पंख्यांचं वाइंडिंग सुरू केलं. बुद्धपौर्णिमेलाही ते जुन्या विहारात गेले नाहीत. सुमेध कुबड्यांवर दारात उभा असला तर काय करायचं, हे त्यांना ठरवता आलं नाही. एकवीस वर्षांत ते ठरलं नाही.

एकच कॉइल जळली होती की सगळ्या? प्रश्न एका श्वासाचा होता. दोन वर्षांत शंभरेक रविवार झाले. कधी चहा आला, कधी वैरागड्यांच्या मुलीचा फोन आला, कधी सोल्डर संपलं. खरं कारण वेगळं होतं. उत्तर 'एकच' आलं तर पुढे काय, हे भय्याजींकडे नव्हतं. न विचारलेल्या प्रश्नाबरोबर माणूस म्हातारा होऊ शकतो. उत्तराबद्दल त्यांना तशी खात्री नव्हती.

त्या मार्चमध्ये वैरागड्यांनी नवा अ‍ॅम्प्लिफायर काढला. दोन बाजूंना दोन ट्रान्सफॉर्मर. त्यांनी चिठ्ठी लिहून दिली, मिलमध्ये देत तशीच, खाली सही आणि तारीख घालून : प्रायमरी अडीच हजार वेढे, सेकंडरी शंभर. पंचविसाला एक.

भय्याजींनी चिठ्ठी डोळ्यांपासून लांब धरून वाचली. "चार ओहमचा टॅप, मधातूनच एक तार, काढून ठेवू का जी? एक्काहत्तर वेढ्यावर. लागला तर लागला."

"गरज नाही. स्पीकर आठचेच आहेत. उगाच तारांचं जंजाळ नको."

"नाही तर नाही."

बांधायला तीन रविवार गेले. हाताने फिरवायच्या यंत्राला आकडे दाखवणारं मीटर होतं, पण भय्याजींचा त्याच्यावर विश्वास नव्हता. दर शंभर वेढ्यांनंतर ते टेबलावर खडूची एक रेघ ओढत आणि थरावर कागद चढवत. वैरागडे समोर बसून व्हॉल्व्हच्या इतिहासाविषयी बोलत. भय्याजी हो जी, हो जी म्हणत. त्या हो जींमध्ये आकडा कधी चुकला नाही. शेवटी त्यांनी पत्र्यांच्या दोन गठ्ठ्यांमध्ये कागदाची बारीक चकती ठेवली, कारण एकाच व्हॉल्व्हवर चालणाऱ्या ट्रान्सफॉर्मरला तेवढी फट लागते, नाहीतर लोखंड गुदमरतं. देशभर रूळ पाठवणाऱ्या गावात हे बोटभर पत्रे कुरियरने मागवावे लागले होते, यावर वैरागड्यांनी खेद व्यक्त केला.

चौथ्या रविवारी दहा वाजता ऐकण्याचा कार्यक्रम ठेवला होता. बँकेतून मॅनेजर म्हणून निवृत्त झालेले ओमप्रकाशजी आले, आणि ओमप्रकाशजींचं जे मत होईल ते ज्यांचं मत असे, असे आणखी दोघे. भय्याजींना वैरागड्यांनी आतल्या दाराजवळची खुर्ची दिली. ती अपमानाची जागा नव्हती. चहाचा ट्रे तिथून घ्यायला सोपा पडत होता.

व्हॉल्व्ह तापले, काचेत मंद पिवळं दिसू लागलं. वैरागड्यांनी एक जुनं गाणं लावलं. सुरुवातीच्या सारंगीपर्यंत ठीक होतं. बाई गायला लागली, आवाज चढला आणि कडेने फाटला. वैरागड्यांनी आवाज वाढवला. तो आणखी फाटला.

ओमप्रकाशजींनी डोळे मिटले होते. ते उघडून म्हणाले, "वैरागडे जी, ऊपर-ऊपर कुछ फट रहा है."

"फट नहीं रहा, थोड़ा खुरदुरा है."

"खुरदुरा तो है. पर फट भी रहा है."

दोघांनी माना डोलावल्या. वैरागडे उठून अ‍ॅम्प्लिफायरकडे वाकले, एक बटण उगाच फिरवलं आणि म्हणाले, "वाइंडिंग का प्रॉब्लेम है. हाथ का काम है न. उमर भी हो गई है उनकी."

भय्याजींनी हातातली बशी खाली ठेवली. तिचा आवाज झाला नाही.

"बंद करा जी."

"राहू द्या भय्याजी, पुढच्या रविवारी बघू."

"बंद करा," भय्याजी पुन्हा म्हणाले, आणि या वेळी 'जी' लावायचं राहून गेलं. वैरागड्यांनी बंद केलं.

भय्याजींनी कॅपॅसिटरमधला विजेचा साठा उतरवला. एका ट्रान्सफॉर्मरच्या तारा दोन्ही बाजूंनी मोकळ्या केल्या, व्होल्ट कमीजास्त करणाऱ्या व्हेरियाकवरून अडीच हजार वेढ्यांच्या बाजूला शंभर व्होल्ट दिले आणि दुसऱ्या बाजूला मीटर लावला. मीटर ओमप्रकाशजींसमोर धरला, कारण चष्मा त्यांच्याच डोळ्यांवर होता.

"किती हाय जी?"

"चार. चार पॉइंट झीरो."

"शंभराले चार. पंचविसाले एक. साहेबाच्या चिठ्ठीत हेच होतं." मग त्यांनी तारा होत्या तशा जोडल्या आणि स्पीकरच्या वायरी सुट्या करून त्यांच्यावर मीटर ठेवला. "आन् इथं तीन ओहम येते. आठाचा स्पीकर मीटरवर सहाच्या आसपास दिसते." त्यांनी वायरीचा माग काढला. ती भिंतीच्या कडेने, सोफ्यामागून, पाहुण्यांच्या पाठीशी ठेवलेल्या दोन वेगळ्या पेट्यांपर्यंत गेली होती. "हे मागचे कवा लावले?"

"सकाळी," वैरागडे म्हणाले. "मागे बसणाऱ्यांनाही नीट ऐकू यावं म्हणून. तेही आठचेच आहेत."

"आठ आन् आठ एकाच जागी जोडले का चार होते जी. मंग व्हॉल्व्हले पाच हजार नाही दिसत. अडीच हजार दिसते. त्याच्या पाठीवर डबल ओझं."

हे वैरागड्यांना माहीत होतं. छापून आणलेल्या नकाशांच्या पहिल्याच पानावर ते होतं. त्यांनी मागच्या पेट्यांच्या वायरी स्वतः काढल्या.

गाणं पुन्हा लागलं. बाई चढली आणि वर जाऊन तिथेच उभी राहिली. कुठे कड लागली नाही. सारंगी तिच्या मागे स्वतंत्र दिसावी तशी वेगळी ऐकू येत होती, आणि गाण्याआधी तिने घेतलेला श्वाससुद्धा खोलीत आला.

"अब आई बात," ओमप्रकाशजी म्हणाले. "गर्माहट आ गई."

वैरागडे हसले. खुर्चीत टेकत म्हणाले, "लोड जास्त झाला होता, बाकी काही नाही."

भय्याजी उभेच होते. ते काही धाडसी माणूस नव्हते आणि त्या दिवशीही झाले नाहीत. त्यांना एवढंच जाणवलं, की समोर बसलेल्या माणसाला हे वाक्य इतक्या सहज म्हणता येतं.

"साहेब, एक विचारू का?"

"विचारा ना."

"दोन हजार तीनची मोटर. रफिंगची. तुमी उघडून पाहिली होती. एकच कॉइल काळी होती का सगळ्या?"

बाई गातच होती. वैरागड्यांनी हात पुढे करून आवाज कमी केला, बंद नाही केला.

"आता ते कशाला, भय्याजी?"

"मले पाहू नाही देली."

"भंगारवाला आधीच येऊन..."

"ते मालूम हाय जी. कॉइल."

ओमप्रकाशजी शिष्टाचार म्हणून व्हॉल्व्हकडे पाहू लागले. वैरागड्यांनी गुडघ्यावरची नसलेली धूळ झटकली.

"सगळ्या," ते म्हणाले.

"सारख्या?"

"सारख्या. चहूकडून." आणि मग कोणी विचारलं नसताना, "ओव्हरलोडचा रिले मी वर करायला लावला होता. दीडपट. नाहीतर जरा लोड आला की तो मोटर ट्रिप करून बंद पाडत होता. माल त्या आठवड्यात द्यायचा होता, आणि जाड माल होता."

"तवाच मालूम होतं तुमाले."

"हो."

भय्याजी उभ्याउभ्याच मीटरची वायर गुंडाळू लागले. ते वैरागड्यांना सोसलं नसावं, कारण तेच पुढे म्हणाले, "मला वाटलं तुम्हालाही कळलं असेल. वाइंडर आहात तुम्ही. आपली बांधणी कशी आहे हे बांधणाऱ्याला माहीत असतंच ना."

"नसते जी," भय्याजी म्हणाले.

"कौन सा रिले?" ओमप्रकाशजींनी विचारलं. त्यांना कोणी सांगितलं नाही.

भय्याजींनी मीटर पिशवीत घातला, चपला घातल्या आणि फाटकाशी जाऊन उभे राहिले. अकराला दहा मिनिटं कमी होती.

रीना आली. तिने बाबांचा चेहरा पाहिला आणि स्कूटर बंद केली. "क्या बोला उसने?"

"माह्या हातानं नाही झालं ते," भय्याजी म्हणाले. "सगळ्या कॉइल जळल्या होत्या."

रीनाला अर्थ कळायला थोडा वेळ लागला. रिपोर्ट खोटा आहे हे तिच्या घरात पहिल्या दिवसापासून गृहीत होतं. आई तर त्या कागदाला दर दिवाळीला शिव्या घाले. घरातल्या एकाच माणसाला तो कागद खरा असू शकतो असं वाटत होतं, हे तिला आज समजत होतं.

"तुमाले वाटे का बाबा, के आपने...?"

"कॅम्प-१ ले चाल. सुमेधकडं."

वाटेत ते नीट बसले होते, एरवी वळणावर तिचा खांदा धरत तसा धरला नाही. काय बोलायचं ते मनात लावत होते. एकवीस वर्षं उशीर झाला होता, पण नेत होते ती चांगली बातमी होती, असा त्यांचा समज होता. मिठाईचा पुडा मांडीवर धरावा तशी ते ती बातमी धरून होते.

सुमेधचं झेरॉक्सचं दुकान बाजाराच्या तोंडाशीच आहे. रविवार असून उघडं होतं. सत्तेचाळीसचा, अंगाने भरलेला, चष्मा डोक्यावर चढवलेला माणूस मशीनमागे उंच खुर्चीवर बसला होता. त्याने भय्याजींकडे पाहिलं आणि एकवीस वर्षं नव्हे, एकवीस दिवस झाले असावेत तसं म्हणाला,

"या काका. स्टूल पुसून घ्या, टोनर सांडलं हाय."

भय्याजींनी स्टूल पुसला आणि बसले. रीना बाहेर स्कूटरवरच राहिली. लावून आणलेलं बोलणं निघालं नाही, मधूनच सुरू झालं.

"सुमेध, ते माही कॉइल नव्हती. साहेबानं आज सांगतलं. सगळ्या जळल्या होत्या. रिले वर केला होता त्यानं."

"दीडपट," सुमेध म्हणाला.

भय्याजी त्याच्याकडे पाहत राहिले.

"मी तिथंच तर उभा होतो काका. इलेक्ट्रिशियन पेचकस घेऊन वर चढला, तवा मीच त्याले म्हटलं, नको करू. साऱ्या शिफ्टले मालूम होतं." त्याने चष्मा डोळ्यांवर घेतला. "तुमाले मालूम नव्हतं?"

"मले वाटे माह्या बांधनीनं तुहा पाय गेला."

सुमेधने ट्रेमधले कागद सारखे केले. एक मुलगी आधार कार्ड घेऊन आली. त्याने दोन्ही बाजूंची झेरॉक्स काढली, सुटे परत दिले. ती गेल्यावर मशीनकडे पाहतच म्हणाला,

"दवाखान्यात सारी गल्ली आली काका. ज्याइच्याशी बोलचाल नव्हती तेबी आले. मी रोज मायले विचारो, भय्याजीकाका आले का. तुमी नाही आले. मंग तुमी गल्ली सोडली. आमाले वाटलं, साहेबानं काही देऊन तुमाले गप्प बसवलं. आता दोन सालापासून दर रविवारी त्याच्या घरी जाता, हे इथं साऱ्याइले मालूम हाय. मंग तर पक्कंच झालं."

"काही नाही देलं रे त्यानं."

"विचारायचं असते ना काका. मी इथंच होतो. मले चालता येत नव्हतं, बोलता येत होतं."

भय्याजींनी मान हलवली. नाही म्हणायला की हो म्हणायला, हे त्यांनाही सांगता आलं नसतं. ज्या चुकीबद्दल ते इतकी वर्षं तोंड लपवून होते ती त्यांनी केलीच नव्हती. आणि तोंड लपवणं ही जी चूक त्यांनी खरोखर केली होती, तिचा हिशेब आज पहिल्यांदा त्यांच्यासमोर आला होता. तिच्यावर कोणाची सही नव्हती.

"रिले ठीक असता," सुमेधने विचारलं, "तर किती चालली असती जी ते मोटर?"

हा प्रश्न भय्याजींच्या धंद्यातला होता. त्यांनी तो तसाच घेतला. कोणती तार होती, कोणतं वॉर्निश होतं, किती उन्हात वाळवलं होतं, ते आठवलं.

"पंधरा साल," ते म्हणाले. "कमीत कमी."

"मले बी तसंच वाटे."

बाहेर रीनाने हॉर्न दिला नाही, पण ती उन्हात उभी होती. भय्याजी दारापर्यंत गेले आणि तिला म्हणाले, "तू जाय घरी. आईले सांग, जेवून घे म्हना."

"आन् तुमी?"

"मी बसतो इथं."

सुमेधने बसा म्हटलं नाही, जा म्हटलं नाही. पुढचं गिऱ्हाईक आलं होतं, त्याला चाळीस पानांच्या वहीची झेरॉक्स हवी होती, आणि मशीनला वेळ लागणार होता. भय्याजी परत येऊन स्टुलावर बसले.